शाळेत जाण्याआधी मुलाची कोणती तयारी करावी, आणि कोणती करू नये

महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्याहून थोड्या उशिरा, आणि ज्या घरातले मूल यंदा पहिल्यांदा शाळेत जाणार असते त्या घराचे एप्रिल-मे हे महिने चाचपणीत जातात. मुळाक्षरे येतात का, पन्नासपर्यंत अंक म्हणता येतात का, स्वतःचे नाव लिहिता येते का, हे पुन्हा पुन्हा तपासले जाते, आणि शेजारच्या मुलीला जे येते ते आपल्या मुलाला येत नाही असे दिसले की रोज दोन पाने गिरवण्याचा नेम लागतो. पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या अनुभवी बाईंना विचारले तर त्यांची यादी वेगळी निघते. सांगितलेले लक्ष देऊन ऐकणे, शू लागल्याचे सांगणे, डबा स्वतः उघडून खाणे, दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावून न घेता मागणे, आणि आई-बाबा दिसत नसतानाही तीन-चार तास निभावून नेणे, एवढे ज्या मुलाला बऱ्यापैकी जमते त्याला अक्षरे आणि अंक शिकवणे हे शाळेचे काम आहे. घराने करायची तयारी ही या दुसऱ्या यादीतली आहे, आणि ती पहिल्या यादीइतकी दिसत नसल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते.

सुरुवात वयापासून करू. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाने त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणे अपेक्षित आहे, तर नर्सरीसाठी त्याच तारखेपर्यंत तीन वर्षे पूर्ण असावी लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही सलग पाच वर्षे ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र बांधली आहेत. त्यात बालवाडी किंवा अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी अशी दोन वर्षे येतात, आणि या संपूर्ण टप्प्यात शिकणे खेळातून, गोष्टींतून आणि हाताने करून पाहण्यातून व्हावे अशी अपेक्षा आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, असे आहे. जे देशाने आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिले आहे, ते साडेतीन वर्षांच्या मुलाकडून वहीत उतरवून घेण्याची घाई कोणासाठी चालली आहे, हा प्रश्न पालकांनी आणि शाळांनीही स्वतःला विचारायला हवा. ज्यांचा वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो ती मुले वर्गात सर्वांत लहान ठरतात आणि या वयात दहा-अकरा महिन्यांचे अंतर फार मोठे असते. अशा मुलाला एक वर्ष थांबवून पुढच्या वर्षी घालावे का, याचा विचार मुलाकडे पाहून करावा. ‘वर्ष वाया जाईल’ या भीतीने करू नये.

लिहिण्याच्या घाईचा सर्वांत मोठा भार पडतो तो हातावर. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडे कूर्चेच्या, म्हणजे मऊ, लवचिक ऊतीच्या रूपात असतात, पुढे ती एकेक करून टणक होत जातात आणि त्यांतल्या शेवटच्या, वाटाण्याएवढ्या हाडाची पाळी यायला आठवे-नववे वर्ष उलटून जाते. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबा. तो आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटे अशा क्रमाने येतो. म्हणूनच तीन-चार वर्षांचे मूल खडू अख्ख्या मुठीत धरते आणि सगळा हात हलवून जमिनीवर मोठमोठी वर्तुळे काढते. त्याच मुलाला चार रेघांच्या वहीत बसवले की ते पेन्सिल दाबून धरते, बोटे दुखतात, अक्षर रेघेबाहेर जाते, त्यावर बोलणी बसतात, आणि लिहिणे म्हणजे दुखणे ही गाठ मनात पक्की होते. हाताची खरी तयारी स्वयंपाकघरात होते. मटार सोलणे, पालेभाजीची पाने खुडणे, कणकेच्या गोळ्याला आकार देणे, धुतलेले रुमाल घडी करून ठेवणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, दिवाळीत किल्ल्यासाठी माती मळणे, रांगोळीचे ठिपके जोडणे, या प्रत्येक कामात अंगठा आणि तर्जनी यांची ती पकड तयार होत असते जी पुढे पेन्सिलीला लागणार आहे. ही कामे मूल हळू करते, सांडते, आणि घाईच्या वेळी ते परवडत नाही हे खरे आहे. म्हणून रविवारची भाजी त्याच्यासोबत निवडावी.

वाचनाची तयारी कानाने होते, हे बहुतेकांना पटायला वेळ लागतो. अक्षर म्हणजे आवाजाची खूण. ज्या मुलाला शब्दातले आवाज वेगवेगळे ऐकू येत नाहीत, त्याच्यापुढे ती खूण ठेवून उपयोग नाही, कारण ती कशाची खूण आहे हेच त्याला उमगलेले नसते. पाटी, पाणी, पान या तिन्ही शब्दांची सुरुवात सारखी आहे, ‘विमान’मधला ‘वि’ काढला की ‘मान’ उरते, ‘सकाळ’मधला ‘स’ काढला की ‘काळ’ उरतो, हे ज्या मुलाला खेळता खेळता कळते त्याच्या हाती वाचनाची किल्ली आलेली असते, मग त्याला एकही अक्षर ओळखता येत नसले तरी चालेल. बडबडगीते, यमके, कोडी, भेंड्या आणि उखाणे यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले आहे. देवनागरीची एक अडचणही पालकांनी लक्षात घ्यावी. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात मात्र ‘इ’ नंतर ऐकू येते. उकार खाली लागतो, मात्रा वर लागते. बाराखडी ठेक्यात म्हणणाऱ्या मुलाला हे नाते समजलेले असतेच असे नाही. अनेकदा त्याला फक्त चाल पाठ झालेली असते. मधूनच एका अक्षरावर बोट ठेवून विचारले की ते पुन्हा ‘क’पासून सुरुवात करते आणि त्या अक्षरापर्यंत पोहोचते.

याच्या जोडीला हवे ते बोलणे, आणि भरपूर बोलणे. मुलाला सूचना देणे म्हणजे बोलणे नव्हे. ‘चल’, ‘आवर’, ‘खा’, ‘झोप’ एवढ्या शब्दांत अनेक घरांचा दिवस संपतो आणि उरलेला वेळ मोबाइल घेऊन जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा आणि कमी असेल तितके बरे, असे सांगितले ते पडद्यामुळे बसून राहणे वाढते म्हणून. भाषेच्या बाजूने पाहिले तरी पडदा मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि त्याचे अर्धवट वाक्य पूर्ण करून देत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. बाजारातून येताना काय काय पाहिले, आजीच्या गावी विहीर कुठे होती, पोळी फुगते ती कशामुळे, अशा गप्पांमध्ये मूल क्रम लावायला, कारण शोधायला आणि न दिसणाऱ्या गोष्टीविषयी बोलायला शिकते. पुढे पुस्तकातला धडा समजायला हेच लागते. रोज रात्री एक गोष्ट, शक्यतो पुस्तक हातात धरून आणि चित्रे दाखवत वाचलेली, यापेक्षा मोठी शालेय तयारी मला माहीत नाही. मूल तीच गोष्ट वीस वेळा मागते, ती वीस वेळा वाचावी.

अंकांच्या बाबतीत एक छोटी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि किती आहेत ते विचारा. चार वर्षांचे मूल बोट ठेवत ‘एक, दोन, तीन’ म्हणू लागते. एखाद्या चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवते, एखादा वगळते, तरी तोंडातले अंक पुढे धावत राहतात. थोडे मोठे झाले की बोट आणि अंक बरोबर चालतात आणि ते नीट सातपर्यंत पोहोचते. आता लगेच विचारा, ‘मग किती आहेत?’ अनेक मुले उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात, कारण शेवटचा उच्चारलेला अंक म्हणजेच सगळ्यांची मिळून संख्या, हे त्यांना अजून गवसलेले नसते. पुढची पायरी म्हणजे तेच सात चिंचोके पसरून लांब रांगेत मांडणे. काही मुले आता ते ‘जास्त झाले’ म्हणतात. या साऱ्या पायऱ्या वयाबरोबर आणि वस्तू हाताळण्याबरोबर येतात, आणि शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्या मुलाच्याही त्या पूर्ण झालेल्या असतीलच असे नाही. मराठीत तर एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी नावे अंकांच्या मांडणीशी सरळ जुळत नाहीत, त्यामुळे निव्वळ पाठांतराचा उपयोग आणखी कमी. ताटे मांडताना माणसे मोजणे, गणपतीसाठी एकवीस दुर्वांची जुडी बांधणे, चपला जोडीने लावणे, वाण्याकडे नाणी मोजून देणे, यांतून दहा-वीसपर्यंतची संख्या खऱ्या अर्थाने समजली तर पहिलीत जाताना तेवढी शिदोरी पुरेशी आहे.

आता त्या विषयाकडे वळू ज्याची धास्ती पालकांना सर्वाधिक असते, तो म्हणजे रडणे. घरातल्या माणसांपासून दूर होताना लहान मूल रडते ते त्याचे त्यांच्याशी घट्ट नाते आहे म्हणून, आणि ज्या जागेत कोणीच ओळखीचे नाही तिथे भीती वाटणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलाला वेळ कळत नसते. ‘मी साडेबाराला येते’ या वाक्याचा त्याला काहीच आधार वाटत नाही. त्याऐवजी दिवसाचा क्रम सांगावा: आधी प्रार्थना होईल, मग खेळ, मग डबा, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की मी फाटकाशी उभी असेन. यात दिलेला शब्द पाळणे फार महत्त्वाचे, कारण पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांचा उशीरही मुलाच्या दृष्टीने शब्द मोडणेच असते. मूल खेळात गुंतले की गुपचूप निघून जाण्याचा सल्ला अनेक जण देतात, आणि तो चुकीचा आहे. मूल मान वर करते, आई नाही असे त्याला दिसते, आणि त्यानंतर ते कुठेही निर्धास्तपणे खेळू शकत नाही, कारण आपण खेळायला लागलो की आई नाहीशी होते असा धडा त्याने घेतलेला असतो. सांगून, जवळ घेऊन, हात हलवून, थोडक्यात निरोप घ्यावा आणि मग मागे वळून थांबू नये. बहुतेक मुलांचे रडणे फाटक दिसेनासे झाल्यावर काही मिनिटांत ओसरते, हे बाईंना विचारून खात्री करून घेता येते.

याची तयारी आधीच्या महिन्यांत करता येते. मावशीकडे किंवा शेजारी तासभर एकटे राहणे, मग अर्धा दिवस, आणि प्रत्येक वेळी सांगितल्याप्रमाणे परत घ्यायला येणे. शाळेच्या इमारतीवरून दोन-चार वेळा फिरून यावे, शक्य असल्यास वर्ग, नळ आणि स्वच्छतागृह दाखवून आणावे. त्याच काळात घरात एक गोष्ट कटाक्षाने बंद करावी. ‘थांब, शाळेत गेलास की बाई दाखवतील तुला’ हे वाक्य कितीही सहज बोलले जात असले तरी ज्या व्यक्तीवर मुलाने चार दिवसांनी विश्वास ठेवायचा आहे तिलाच आपण त्यातून बागुलबुवा बनवतो. आजी-आजोबांनाही हे प्रेमाने सांगून ठेवावे, आणि फाटकाशी त्यांचेच डोळे भरून येणार असतील तर पहिल्या दिवशी सोडायला दुसऱ्या कोणी जावे.

शरीराच्या सवयींकडे येऊ. मूल शाळेत डबा तसाच परत आणते तेव्हा घरी असा समज होतो की त्याला भूक नव्हती किंवा भाजी आवडली नाही. डबा उघडतानाचे एक मूल नीट पाहिले तर कारण कळते. घट्ट झाकणाच्या कडेला ते आधी अंगठा लावते, झाकण हलत नाही, मग डबा पोटाशी धरून दोन्ही हातांनी ओढते, तरी जमत नाही, मग ते आजूबाजूला पाहते, सगळे खात असतात, बाई दुसऱ्या मुलाचे सांडलेले पुसत असतात, आणि ते डबा हळूच दप्तरात ठेवून देते. म्हणून मे महिन्यात दुपारचे जेवण काही दिवस त्याच डब्यातून, त्यानेच उघडून, जमिनीवर बसून आणि कोणी न भरवता व्हावे. पाण्याच्या बाटलीचेही तसेच. कपडे असे असावेत की घाईत स्वतः खाली-वर करता येतील, म्हणजे बटण आणि पट्ट्यापेक्षा इलॅस्टिक बरे. घरी कमोड वापरणाऱ्या मुलाला भारतीय पद्धतीच्या संडासात बसण्याची आधी सवय करावी लागते. अस्वच्छ किंवा अनोळखी स्वच्छतागृहाच्या भीतीने मुले शू तासन्‌तास रोखून धरतात आणि पाणी पिणे टाळतात, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. शाळा निवडताना इमारतीची रंगरंगोटी पाहण्याआधी पालकांनी स्वच्छतागृह पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

झोपेचा हिशेब साधा आहे: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. सुट्टीत रात्री अकराला झोपणारे मूल शाळेच्या पहिल्या दिवशी एकाएकी सहाला उठू शकत नाही, म्हणून शाळा उघडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून झोपण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला तो याच कारणाने. आरोग्याच्या बाबतीत पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) दुसरा बूस्टर डोस झाला आहे का, हे पाहावे, आणि डोळे व कान एकदा तपासून घ्यावेत. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते, आणि असा ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाला तर सुधारण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांमध्ये आणि सरकारी शाळांमध्ये मुलांची मोफत तपासणी करतात; त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

माध्यमाविषयी मी थोडक्यात पण स्पष्ट लिहितो. मूल ज्या भाषेत रडते, भांडते आणि स्वप्न सांगते त्या भाषेत त्याची पहिली शाळा असावी, हे २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही म्हटले आहे. ज्या घरांनी विचारपूर्वक इंग्रजी माध्यम निवडले आहे त्यांनी निदान घरातली मराठी आटवू नये, कारण घरच्या भाषेत पक्की झालेली समजच दुसरी भाषा शिकताना उपयोगी पडते. वारली, कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी तर प्रमाण मराठी हीच शाळेत भेटणारी परकी भाषा असते, आणि तिथे तयारीची जबाबदारी मुलाकडून शाळेकडे जाते.

हे महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचे काम सुरू केले, आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले, जिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने आणि शंख-शिंपले वापरले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही भरली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा ‘अंगणवाडी’ हेच नाव गावोगावी पोहोचले.

आज राज्यातल्या सरकारी शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे भरतात, एक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि एक शाळा उघडताना. मूल एकेका टेबलापाशी जाऊन चेंडू टाकते, चित्राविषयी बोलते, वस्तूंची वर्गवारी करते, आणि मधल्या आठवड्यांत घरी काय करून घ्यायचे ते मातांच्या गटाला सांगितले जाते. ही परीक्षा नसते आणि तिच्यावर प्रवेश अवलंबून नसतो. किंबहुना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे, आणि कलम १७ प्रमाणे मुलाला मारण्यास व मानसिक त्रास देण्यासही मनाई आहे. पहिलीच्या सुरुवातीची तीन महिने खेळातून तयारी करून घेण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर २०२१ मध्ये ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रमही आखला गेला, म्हणजे जूनमध्ये मूल सर्व काही येत असलेले असावे अशी मुळात अपेक्षाच नाही.

शाळा सुरू होण्याआधी बाईंना किंवा अंगणवाडीताईंना भेटून तीन-चार गोष्टी अवश्य सांगाव्यात: मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, शू-शीसाठी ते कोणता शब्द वापरते, ते कशाला घाबरते, आणि रडताना कशाने शांत होते. घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला बहुधा ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. ‘डबा कोणाच्या शेजारी बसून खाल्लास?’ असे विचारले तर गोष्ट सुरू होते. दिवसभर शहाण्यासारखे वागलेले मूल घरी येताच क्षुल्लक कारणावरून आकांत करते, बंद झालेले अंगठा चोखणे किंवा रात्री अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, आणि हे दोन-चार आठवड्यांत आपोआप मावळते. त्यावर रागावू नये, दुपारी खायला द्यावे आणि लगेच दुसऱ्या शिकवणीला पाठवू नये. महिना-दीड महिना उलटूनही मूल रोज सकाळी पोट दुखते म्हणत असेल, खाणे-झोप बिघडली असेल किंवा शाळेत कोणाशीच बोलत नसेल, तर शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलावे, आणि वर्गात कोणी मारते किंवा चिडवते का, हे मुलाला शांतपणे विचारावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर जवळपास प्रत्येक लहान मूल एक-दोन दिवस पुन्हा रडते. तेव्हाही जूनसारखाच दिवसाचा क्रम सांगावा आणि वेळेवर घ्यायला जावे.